रिपोर्टातल्या पांढऱ्या पेशी आणि फुप्फुसात अडकलेल्या पेशी

प्रति,
मा. संपादक,

विषय : फुप्फुसाच्या सुजेत पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्या यांच्यात काय घडते, आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या, आकड्यावरून त्यातले किती कळते

महोदय,

थंडी पडली आणि उसाचे गाळप सुरू झाले की कोल्हापूर जिल्ह्यात खोकला, ताप आणि धाप लागणारे रुग्ण दवाखान्यांत दिसू लागतात. त्यांच्याबरोबर एक वाक्यही घरोघर फिरते : ‘पांढऱ्या पेशी वाढल्यात, इन्फेक्शन आहे.’ लॅबकडून व्हॉट्सॲपवर आलेला सीबीसीचा कागद, त्यात ठळक छापलेला १३-१४ हजारांचा आकडा, आणि तेवढ्या भांडवलावर मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिक. जोडीला ‘सूज उतरायला’ म्हणून स्टिरॉइडची गोळी. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासले की आकडा आणखी चढलेला, मग अँटिबायोटिक बदला. या सगळ्यात मुळातच एक गफलत आहे. हाताच्या शिरेतून काढलेल्या दोन-तीन मिलिलिटर रक्तात किती पेशी आहेत एवढेच सीबीसी सांगते. फुप्फुसात किती आहेत, हे त्यावरून कळत नाही. हे दोन आकडे कधीकधी एकमेकांच्या उलटही जातात. ते का, हे जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

निरोगी प्रौढाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या साधारण ४० ते ७० टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या. अस्थिमज्जा त्या रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार करते आणि रक्तात त्या काही तासच राहतात. पण रक्तात उतरलेल्या न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ निम्म्या एका वेळी वाहत नसतात. प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा आणि फुप्फुस यांच्या बारीक वाहिन्यांत त्या रेंगाळत असतात. कारखान्याच्या आवारात उसाच्या शंभर ट्रॉल्या उभ्या असल्या तरी रस्त्यावरच्या ट्रॉल्या मोजणाऱ्याच्या हिशेबात त्या येत नाहीत. सीबीसीचे मशीनही रस्त्यावरच्याच मोजते.

फुप्फुसात हा साठा होतो तो तिथल्या वाहिन्यांच्या मापामुळे. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते आणि ते सगळेच्या सगळे फुप्फुसातून जाते. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही अवयवाच्या वाट्याला हे येत नाही. तिथे सुमारे ३० कोटी वायुकोश आहेत आणि प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांची दाट जाळी आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो. या जाळीतल्या एकेका तुकड्याची रुंदी २ ते १५ मायक्रॉन. न्यूट्रोफिलचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन. धमनीच्या टोकाकडून शिरेच्या टोकाकडे जाताना तिला असे ४० ते १०० तुकडे पार करावे लागतात, आणि त्यांतले बरेच तिच्यापेक्षा अरुंद असतात. तांबडी पेशीही साधारण तेवढ्याच रुंदीची, पण ती चपटी असते, तिच्यात केंद्रक नसते; अंग मुडपून ती पाऊण-एक सेकंदात पलीकडे जाते. न्यूट्रोफिल गोल, आकारमानाने तिच्या तिप्पट-चौपट आणि आत गाठीगाठीचे केंद्रक. तिला लांबुळके होऊनच सरकावे लागते. त्यात काही सेकंद जातात, कधी मिनिटेही. त्यामुळे निरोगी माणसाच्याही फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत न्यूट्रोफिलची दाटी हाताच्या शिरेतल्या रक्ताच्या तीस-चाळीस पटींहून अधिक असते. आजार अजून सुरूही झालेला नसतो, तेव्हाची ही स्थिती.

पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून बाहेर पडतात, हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या ऊतींवर सूक्ष्मदर्शक लावून दाखवले. पॅथॉलॉजीच्या पहिल्या तासांना आजही तोच क्रम शिकवला जातो : पेशी भिंतीकडे सरकते, सिलेक्टिन नावाच्या रेणूंच्या आधाराने भिंतीवरून लोळत जाते, इंटिग्रिन रेणूंनी घट्ट चिकटते आणि दोन पेशींच्या फटीतून बाहेर पडते. त्वचा, आतडे, स्नायू यांच्यातल्या लहान शिरांपुरता हा क्रम बरोबर आहे. फुप्फुसात मात्र हा प्रकार मुख्यतः केशवाहिन्यांतच घडतो, आणि तिथे पेशी वाहिनीपेक्षा मोठी. लोळायला जागाच नाही. विद्यार्थी हे चित्र फुप्फुसाला जसेच्या तसे लावतात, आणि पुढे डॉक्टर झाल्यावरही ते डोक्यातून जात नाही.

वायुकोशात जंतू शिरला की आधी जागी होते ती तिथलीच मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी. ती टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-८ असे रासायनिक निरोप सोडते. रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या जंतुविरोधी प्रथिनांचा सी-५-ए हा तुकडाही त्यात भर घालतो. हे निरोप जवळून जाणाऱ्या न्यूट्रोफिलला मिळाले की मिनिटभरात तिच्या आवरणाखाली ॲक्टिन प्रथिनाचे धागे जमतात आणि पेशी ताठरते. आतापर्यंत जी अंग चोरून निघत होती ती पुढच्या अरुंद तुकड्यात अडकते. म्हणजे फुप्फुसात पहिला थांबा चिकटवणाऱ्या रेणूंच्या डिंकामुळे होत नाही, ताठरपणामुळे होतो. डिंक नंतर येतो : न्यूट्रोफिलवरचे सीडी-१८ गटातले इंटिग्रिन आणि केशवाहिनीच्या भिंतीवरचा आयकॅम-१ एकमेकांना धरतात, आणि अडकलेली पेशी पुन्हा सुटून वाहून जात नाही.

पुढे ती बाहेर पडते तेही कुठूनही नाही. जिथे भिंतीच्या तीन पेशींचे कोपरे एकत्र येतात ती जागा तिला सोयीची पडते. तिथून ती खालच्या पातळ पटलातल्या भोकातून मधल्या ऊतीत उतरते, तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या कडेकडेने सरकते आणि वायुकोशात शिरते. आणखी एक गोष्ट प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसली आहे. ई. कोलायसारखा जंतू असेल तर या वाटेला सीडी-१८ लागते. न्यूमोकॉकस असेल तर त्याच्याशिवायही न्यूट्रोफिल वायुकोशात पोहोचतात. ज्या बालकांत सीडी-१८ जन्मतःच नसते त्यांच्या जखमेत पू धरत नाही, आणि तरीही त्यांच्या फुप्फुसात न्यूट्रोफिल आढळल्या आहेत. ‘पेशी चिकटूच द्यायच्या नाहीत’ असे एकच औषध फुप्फुसाच्या प्रत्येक सुजेला का पुरणार नाही, याचे एक कारण इथे आहे.

आता सीबीसीकडे. हाताचे रक्त आणि फुप्फुस यांच्यातली फारकत सर्वांत लख्ख दिसली ती डायलिसिसच्या रुग्णांत. १९७० च्या दशकात डायलिसिससाठी वापरल्या जाणाऱ्या सेल्युलोजच्या पडद्यांना रक्त लागले की कॉम्प्लिमेंट प्रथिने चेतायची. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत रक्तातल्या न्यूट्रोफिलचा आकडा कोसळायचा आणि काही वेळाने पुन्हा वर यायचा. मधल्या काळात पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकून पडलेल्या असत, आणि काहींना त्याच वेळी धाप लागे. १९७७ मध्ये हे नीट मांडले गेले. हातातून काढलेल्या रक्तात ‘पेशी कमी’ आणि छातीत पेशींची गर्दी, एकाच माणसात, एकाच वेळी.

न्यूमोनियातही हे घडते. म्हणूनच गंभीर न्यूमोनियात पांढऱ्या पेशी ४ हजारांखाली उतरल्या तर ती दिलाशाची नव्हे, धोक्याची खूण धरली जाते. वयस्कर माणसांत तर ताप नाही, आकडा नऊ हजार, आणि एक्स-रेमध्ये उजव्या खालच्या भागात पांढरा पट्टा, असे नेहमी पाहायला मिळते. उलट बाजूने, जिना धावत चढून आलेला तरुण, रडून लालबुंद झालेले मूल, प्रसूतीच्या कळा, इतकेच काय रोजची विडी-सिगारेट, या सगळ्यांनी जंतूशिवायही आकडा चढतो.

स्टिरॉइडचे प्रकरण याहून गोंधळाचे. प्रेडनिसोलोनची गोळी पोटात गेल्यावर ४ ते ६ तासांत न्यूट्रोफिलचा आकडा वर जाऊ लागतो. रेंगाळणाऱ्या पेशी भिंती सोडून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतून काही नव्या उतरतात, आणि ज्यांची मरायची वेळ झाली त्याही काही काळ टिकतात. शरीरात नवा जंतू आलेला नसतो. पण रिपोर्टवर १६ हजार दिसले की ‘इन्फेक्शन वाढले’ असा अर्थ लावला जातो आणि आणखी जहाल अँटिबायोटिक सुरू होते. अशा वेळी त्याच कागदावरच्या दुसऱ्या ओळी वाचाव्यात. स्टिरॉइडने चढलेल्या आकड्यात लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल हे पांढऱ्या पेशींचे दुसरे प्रकार घटलेले असतात आणि कच्च्या पेशी, म्हणजे बँड फॉर्म, सहसा फारसे वाढत नाहीत. खऱ्या जंतुसंसर्गात बँड वाढतात, न्यूट्रोफिलमध्ये ठळक दाणे दिसतात. मशीन हे सांगत नाही. त्यासाठी काचेवर रक्ताचा थर ओढून, रंग देऊन कुणीतरी डोळ्याने पाहावा लागतो. घाईत असलेल्या लॅबमध्ये नेमके तेच राहून जाते.

आणि स्टिरॉइडला जागा आहे, पण कधी? २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिले गेले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एक-तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांतले एक-पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. केशवाहिनीची भिंत बिघडलेली नसताना स्टिरॉइडला तिथे करण्यासारखे काम नसते. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींचे हात मात्र ते बांधून टाकते. मधुमेही रुग्णांत मनाला येईल तसे स्टिरॉइड वापरल्याचे फळ आपण २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या, रूपाने महाराष्ट्रभर पाहिले.

भिंतीच्या बिघाडाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण रुग्ण दगावतो तो बहुधा त्यामुळे. निव्वळ न्यूट्रोफिल बाहेर पडल्या म्हणून फुप्फुसात पाणी भरत नाही. पुष्कळ वेळा त्या जातात आणि फट मागे मिटते. पण मोठ्या संख्येने अडकलेल्या, चिडलेल्या पेशी आपली शस्त्रे वाहिनीच्या आतच उघडू लागतात : इलास्टेज हे प्रथिने कापणारे विकर, ऑक्सिजनचे तिखट रेणू, आणि २००४ मध्ये ज्यांचा पहिल्यांदा उलगडा झाला ती स्वतःच्याच डीएनएची चिकट जाळी. भिंतीच्या आतल्या बाजूला साखरयुक्त रेणूंचा जो मऊ थर असतो तो झडतो. शेजारच्या पेशींना बांधून ठेवणारे व्हीई-कॅधेरिन सुटते. प्लेटलेट येऊन चिकटतात, बारीक गुठळ्या होतात. आता पाण्याबरोबर प्रथिनेही वायुकोशात गळतात.

हृदय कमजोर झाल्याने फुप्फुसात भरणारे पाणी आणि हे पाणी यांत फरक आहे. तिथे वाहिनीतला दाब वाढलेला असतो, भिंत शाबूत असते; लघवीच्या औषधाने दाब उतरला की पाणी ओढले जाते. इथे दाब नेहमीचाच, भिंतच चाळणी झालेली. अशा माणसाला ‘अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा’ म्हणून सलाईन चढवणे म्हणजे गळती वाढवणे. ५०० मिलिलिटरच्या बाटलीतले नॉर्मल सलाईन निरोगी माणसातही तासाभरात बहुतांश वाहिनीबाहेर जाते. सुजलेल्या फुप्फुसात त्याचा वाटा वायुकोशापर्यंत पोहोचतो. रक्तदाब पडलेला असेल, उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी गेले असेल, तर सलाईन जीव वाचवते. तो निर्णय रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि छातीचा आवाज पाहून घ्यायचा असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे हजार रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, रक्तदाब सावरल्यावर ज्यांना द्रव हात राखून दिले गेले ते व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. गावोगावी सलाईनचा आग्रह रुग्णाचे नातेवाईकच धरतात. डॉक्टरने नाही म्हटले तर ते ‘काही केलेच नाही’ असे ठरते.

भिंतीचा आणखी एक गुण सुजेत जातो. वायुकोशात हवा पोहोचत नसेल तर तिथली बारीक धमनी आपोआप आकसते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी हे १९४६ मध्ये दाखवले. सुजलेल्या भागात वाहिन्या सैल करणारी रसायने तयार होत असल्याने हे आकसणे ढिले पडते. पूने भरलेल्या वायुकोशांवरून रक्त तसेच, ऑक्सिजन न घेता, पुढे जाते. मास्कमधून दहा लिटर ऑक्सिजन सोडूनही सॅच्युरेशन ८८ वर अडून बसते ते यामुळे. पालथे झोपवल्यावर ते सुधारते, कारण पाठीकडचे दबलेले वायुकोश उघडतात आणि त्यांच्याकडे रक्तही भरपूर जाते. २०१३ च्या फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर रुग्णांना सलग १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. घरी तासभर पालथे पडून ऑक्सिमीटर ९४ दाखवू लागले म्हणजे आजार हटला, असे मात्र नव्हे.

कफाच्या रंगाबद्दल. ‘कफ हिरवा पडतोय, म्हणजे जंतू आहेत’ हा समज सुशिक्षितांतही पक्का आहे. हिरवा रंग जंतूंचा नसतो. न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर असते आणि तेच हिरवे असते. छातीत न्यूट्रोफिल आल्या, मेल्या, कफात साठल्या की रंग येतो, मग कारण विषाणू असो, धूर असो वा जंतू. निरोगी माणसाच्या साध्या ब्राँकायटिसमध्ये, जो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, दोन-तीन आठवडे खोकला आणि मधले काही दिवस हिरवट-पिवळा कफ हे नेहमीचे. अँटिबायोटिकने त्यात फरक पडत नाही. कफात रक्त, गंजासारखा रंग, थंडी वाजून ताप आणि श्वास घेताना छातीत कळ, हे वेगळे. तिथे वाट पाहू नये.

आता आपल्या जिल्ह्याचा खास विषय, बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा. ताज्या बगॅसमध्ये साधारण निम्मे पाणी असते. ढीग लागला की आतून तो तापतो. ५० ते ६० अंश सेल्सियस उष्णतेत वाढणारे, बुरशीसारखे दिसणारे ॲक्टिनोमायसीट जिवाणू तिथे फोफावतात. त्यांचे बीजाणू जेमतेम एक मायक्रॉनचे, सरळ वायुकोशात जाणारे. साठवून ठेवलेले, वाळलेले बगॅस फोडताना जी धूळ उठते तिने होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. त्याचे पहिले वर्णन १९४१ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात झाले. ताज्या बगॅसने हा आजार होत नाही. गुऱ्हाळावर चिपाड उन्हात पसरून वाळवून चुलवाणात घातले जाते तेव्हा धोका कमी. अवकाळी पावसात भिजलेला ढीग पंधरा दिवसांनी उपसताना तो वाढतो.

यातही खेळ पेशी आणि वाहिन्यांचाच, पण हा जंतुसंसर्ग नव्हे. धूळ छातीत गेल्यावर ४ ते ८ तासांत न्यूट्रोफिल फुप्फुसात येतात, मागाहून लिम्फोसाइट जमतात. सकाळच्या पाळीत ढीग उपसलेल्या कामगाराला ताप, थंडी, कोरडा खोकला आणि धाप संध्याकाळी घरी आल्यावर सुरू होते, त्यामुळे बगॅसशी त्याचा संबंध त्याच्या मनात येत नाही. सीबीसीत पेशी १४ हजार, एक्स-रे कधी अगदी स्वच्छ. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिले जाते. दोन दिवस घरी राहिल्याने, म्हणजे धुळीपासून लांब राहिल्याने, तो बरा होतो आणि श्रेय गोळीला जाते. कामावर परतला की पुन्हा तेच. असे हंगामामागून हंगाम गेले तर फुप्फुसात कायमचे व्रण राहतात आणि ते भरून येत नाहीत. हंगामात तापाचे असे दोन झटके आले आणि दोन्ही वेळा कामावरच्या दिवसाच्या संध्याकाळीच आले, तर साधा एक्स-रे पुरे नाही, छातीचे एचआरसीटी, म्हणजे बारकावे दाखवणारे सीटी स्कॅन, करावे. आमच्या मते डॉक्टरांच्या केसपेपरवर ‘व्यवसाय : मजुरी’ एवढे लिहून भागत नाही, कुठे, कशाच्या ढिगावर, हे लिहिले गेले तर निम्मे निदान तिथेच होते.

टाळण्याचे मार्ग माहीत आहेत. जुना ढीग आधी वापरावा. फोडताना पाण्याचा फवारा मारावा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे, शक्य तिथे बंद केबिनच्या लोडरने उपसावे. लांब मुदतीच्या साठ्यावर १ टक्का प्रोपिऑनिक आम्लाची फवारणी केल्यास ते जिवाणू वाढत नाहीत. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल एक मायक्रॉनचा कण अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो, तोही नाकाच्या पट्टीवर नीट दाबून बसवलेला. दाढीवर तो नीट बसत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्रीत नॉकआउट (वाळूचा साचा फोडून ओतीव भाग काढणे) आणि फेटलिंग (तो घासून साफ करणे) करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे वाळूतली सिलिका मॅक्रोफेजना मारते, ती पुन्हा बाहेर पडून नव्या पेशींना बोलावते, आणि काम सोडले तरी आजार पुढे चालू राहतो, क्षयाचा धोकाही वाढतो. त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

मग घरी पाहायचे काय? आकड्याच्या आधी श्वास. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे, त्याला न सांगता छातीची हालचाल पाहत पूर्ण ६० सेकंद श्वास मोजावेत. १५ सेकंद मोजून चौपट करू नये, चूक होते. प्रौढात १२ ते २० नेहमीचे. ३० किंवा त्याहून जास्त असतील, वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल, किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वय ६५ च्या पुढे असेल तर याहून आधीच. मुलांत, रडत नसताना आणि दूध पीत नसताना मोजावे : दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०, एवढे किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवे, नखाला रंग नको, आकडा मिनिटभर स्थिर राहिल्यावरच वाचावा. ९४ च्या खाली डॉक्टर, ९० च्या खाली तातडी. जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असलेल्यांचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो, तो त्यांनी बरे असतानाच टिपून ठेवावा.

लॅबचालकांना एक विनंती. रक्त घेताना रुग्णाला विचारून ‘गेल्या ४८ तासांत स्टिरॉइड घेतले का’ याचे उत्तर रिपोर्टवर आकड्याशेजारी छापावे. खोकल्यासाठी मिळालेल्या सुट्ट्या गोळ्यांत स्टिरॉइड होते हे पुष्कळांना माहीतच नसते, म्हणून गोळीची पट्टी किंवा फोटो मागवावा. जांभळ्या बुचाच्या नळीतले रक्त हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करावे, खळखळून हलवू नये; बारीक गुठळी झाली तरी पेशींचा आकडा खोटा कमी येतो. आणि ४ हजारांखाली किंवा २० हजारांवर आकडा आला तर काचेवरचा थर पाहिल्याशिवाय रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

आपले,
पॅथॉलॉजी आणि छातीविकार हे विषय शिकवणारे काही अध्यापक, कोल्हापूर